स्पिऑन कॉपची टेकडी कशी पाहावी

दक्षिण आफ्रिकेत मुलांकडे येणारी आपली मंडळी क्रूगरचे सिंह बघतात, केप टाउनचं टेबल माउंटन बघतात आणि परत जातात. जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना व्हॅन रीननचा घाट उतरला की उजव्या अंगाला, थोडी आडवाट करून, टुगेला नदीच्या काठी एक टेकडी आहे. २४ जानेवारी १९०० या एका दिवसात तिच्या माथ्यावर शेकडो माणसं मेली. जखमींना वाहून नेणाऱ्यांत आपल्या देशातून मजुरीला आलेली माणसं होती आणि त्यांच्यासोबत तीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. ही टेकडी न बघता परत जाऊ नका, असं मी भेटेल त्याला सांगते.

मी पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणात नोकरी केली. जमिनीचा चढउतार वाचणं हेच आयुष्यभर काम. लेकीकडे जोहान्सबर्गला आले की स्पिऑन कॉपला जाते आणि पाहुणा असेल तर त्यालाही नेते. बहुतेक लोक गाडी वर लावतात, खंदकाशी फोटो काढतात, थडग्यांवरची नावं वाचतात आणि वीस मिनिटांत खाली येतात. त्यांना तिथे काय झालं ते कळतं, पण का झालं ते कळत नाही. ते सगळं जमिनीच्या आकारात आहे आणि तो आकार समजून घ्यायचा एक क्रम आहे.

घरी, कागदावर

युद्धाची माहिती निघताना एवढी असली तरी पुरे. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही बोअर लोकांची, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या शेतकऱ्यांची, दोन प्रजासत्ताकं होती. ट्रान्सवालमध्ये सोनं सापडलं आणि ब्रिटिशांशी असलेला जुना तंटा पेटला. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध सुरू झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बोअरांनी नाताल या ब्रिटिश वसाहतीतल्या लेडीस्मिथ गावाला वेढा घातला आणि सर जॉर्ज व्हाइट यांचं सैन्य आत अडकलं. हे व्हाइट आदल्याच वर्षापर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांना सोडवायला जनरल रेडव्हर्स बुलर आले. १५ डिसेंबरला कोलेन्सोला नदी ओलांडताना त्यांनी सपाटून मार खाल्ला. मग जानेवारीत त्यांनी पश्चिमेकडून, नदीच्या वरच्या अंगाने वळसा घ्यायचं ठरवलं आणि ते काम सर चार्ल्स वॉरन यांच्यावर सोपवलं. नदीपलीकडे डोंगराची रांग आडवी होती. त्या रांगेतला मोक्याचा उंचवटा म्हणजे स्पिऑन कॉप.

आता नकाशा घ्या. १:५०,००० प्रमाणाचा सरकारी नकाशा मिळतो, त्यात २० मीटर अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. मोबाइलवर टेकडी गरागरा फिरवून बघता येते, पण माझा आग्रह कागदाचा आहे. नैर्ऋत्येकडून वर चढणारी सोंड शोधा. इंग्रजी फौज त्या सोंडेने चढली. माथ्यावरून उत्तरेकडे गेलं की कॉनिकल हिल नावाची छोटी टेकडी लागते. पूर्वेच्या टोकाला ॲलो नॉल हा उंचवटा, त्याच धारेवर आणखी पूर्वेला ट्विन पीक्स ही जोडशिखरं आणि वायव्येला ग्रीन हिल. या चार जागांवर लाल पेन्सिलने खूण करा.

मग नैर्ऋत्येच्या सोंडेपासून माथ्यावरून कॉनिकल हिलपर्यंत सरळ रेघ ओढा आणि आलेख कागदावर तिचा छेद काढा. समोच्च रेषा वरच्या बाजूला विरळ आणि खाली दाट आहेत, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. म्हणजे उतार वर सौम्य आहे आणि पुढे अचानक तुटतो. अशा फुगीर उताराच्या माथ्यावर मधोमध उभं राहिलं की समोरची कड हेच टोक वाटतं. त्या कडेखाली कोण आहे, किती आहेत, काही दिसत नाही. कागदावर पट्टी ठेवून नजरेची रेषा ओढून बघा, खालचा सगळा चढ त्या रेषेच्या खाली लपलेला सापडेल.

एक मात्र सांगायलाच हवं. २० मीटरच्या रेषांमध्ये माथ्यावरचे लहान चढउतार बसत नाहीत. दोन-तीन मीटरचा उंचवटा नकाशाला दिसत नाही, पण आडव्या पडलेल्या शिपायाला तेवढ्यावर जीव वाचवता येतो. त्या रात्री वर चढलेल्यांकडे तर एवढाही नकाशा नव्हता. होते ते कच्चे आणि चुकीचे.

आधी खालून बघा

गाडी थेट वर नेऊ नका. विंटरटनकडून येणाऱ्या आर-६०० रस्त्याने या म्हणजे टेकडी दक्षिणेकडून दिसते. नदीच्या या बाजूला माउंट ॲलिस हा उंचवटा आहे, तिथे बुलर यांचा तळ होता आणि आरमाराच्या लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि नुसतं बघा. इथून टेकडीचा माथा सपाट आणि भक्कम दिसतो. हा हातात आला की पलीकडचा सगळा मुलूख हातात आला, असंच कुणालाही वाटेल. बुलर आणि वॉरन यांनाही तसंच वाटलं. पलीकडची बाजू कशी आहे, ते इथून अजिबात दिसत नाही.

खाली चमकणारं पाणी स्पिऑन कॉप धरणाचं आहे. ते १९७० च्या दशकातलं. बघताना ते डोळ्यांतून वजा करा. १९०० मध्ये तिथे टुगेलाची वळणं होती, उतार होते आणि बैलगाड्यांचे तांडे होते. धरणामुळे लढाईचं अर्धं चित्र पाण्याखाली गेलं आहे. धरणाच्या कामात उभं आयुष्य गेलं म्हणून मला ते पाणी आवडतं, पण लढाई समजून घेताना ते आड येतं.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना गोंधळात टाकते. हा दक्षिण गोलार्ध आहे. दुपारी सूर्य उत्तरेला कलतो, त्यामुळे भारतातल्या सवयीने दिशा ठरवली तर उलट्या लागतात. होकायंत्र घ्या किंवा नदी दक्षिणेला हे डोक्यात पक्कं ठेवा.

वर गेल्यावर

लेडीस्मिथ-बर्गव्हिल या आर-६१६ रस्त्यावरून फाटा आहे. शेवटचा टप्पा कच्चा, खडी-मातीचा. पाऊस पडून गेला असेल तर लहान गाडी घालू नका. फाटकावर तिकीट घेऊन वर जाता येतं आणि गाडी माथ्याच्या अगदी जवळ पोचते. पुढे पायवाट आहे, टप्प्याटप्प्याला खुणा आहेत.

खंदक समोरच दिसेल, पांढऱ्या रंगवलेल्या दगडांनी आखलेला. तो आता सामुदायिक थडगं आहे. लढाईनंतर इंग्रज शिपायांना त्यांनीच खणलेल्या चरात पुरलं. दगडांच्या आत पाय ठेवू नका. कडेला उभं राहून लांबीकडे आणि दिशेकडे बघा आणि त्या रात्रीची गोष्ट इथेच आठवा.

२३ जानेवारीच्या रात्री मेजर जनरल एडवर्ड वुडगेट सुमारे १७०० माणसं घेऊन निघाले. त्यात लँकेशर भागातल्या पलटणी होत्या आणि थॉर्नीक्रॉफ्ट या धिप्पाड अधिकाऱ्याचे घोडेस्वार होते, घोडे खाली ठेवून आलेले. वाट थॉर्नीक्रॉफ्ट यांनी दाखवली. अंधार, पाऊस, धुकं. पहाटे वरच्या बोअर पहारेकऱ्यांना संगिनींनी पळवून लावलं. धुक्यात जयघोष झाला, तो खाली तळावर ऐकू गेला. मग खणायला सुरुवात झाली. एवढ्या माणसांत टिकाव वीस आणि फावडी वीस, वाळूच्या गोण्या खालीच राहिलेल्या. वाकून एखादा दगड हलवून बघा म्हणजे जमिनीची जात कळेल. मातीचा थर वीतभर, खाली खडक. हा चर गुडघ्याएवढाही खोल झाला नाही.

आता या भेटीतलं सगळ्यात महत्त्वाचं. खंदकाशी थांबू नका. त्याच्यासमोर, उत्तरेकडे, चालू लागा. साधारण शे-दीडशे पावलांवर जमीन पायाखालून उतरायला लागते. ही खरी कड. इथून बोअर ज्या उताराने चढले तो सगळा उतार दिसतो. आता मागे वळून खंदकाकडे बघा. खंदक इथे हवा होता आणि खणला गेला तिथे मागे. धुक्यात, अंधारात, वर पहिल्यांदाच आलेल्या माणसांनी माथ्याचा मध्य हीच कड धरली. सकाळी आठच्या सुमारास धुकं वर गेलं तेव्हा त्यांना कळलं. कडेपर्यंत पुढे जाऊन आडोसे उभे करायचा प्रयत्न झाला, पण तोवर बोअर खालून कडेला भिडले होते.

कडेवर उभ्या उभ्या तुमच्या लाल खुणा जमिनीवर शोधा. समोर कॉनिकल हिल. डावीकडे ग्रीन हिल. उजवीकडे बघा, ॲलो नॉल किती जवळ आहे ते. हाकेच्या अंतराहून थोडं पुढे. तिथला नेमबाज खंदकाच्या लांबीत बघतो, म्हणजे त्याच्या एका नजरेत पूर्ण चर येतो. आडोसा समोरच्या गोळीसाठी होता, गोळी बाजूने येत होती. सोबत कुणी असेल तर एकाला खंदकाच्या कडेबाहेर गुडघ्यावर बसवा आणि दुसऱ्याने माथ्याच्या पूर्व टोकाला जाऊन बघावं. बसलेला माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसतो. माझा जावई इंजिनिअर आहे, कितीतरी वेळ तो तिथून हललाच नाही. शेवटी म्हणाला, "आई, यांना इथून लपायला जागाच नव्हती."

आणि याच ॲलो नॉलवर नदीपलीकडच्या इंग्रजी तोफा नेम धरून मारा करत होत्या. वॉरन यांना वाटलं, पूर्ण माथा आपल्याकडे आहे, तोफा आपल्याच माणसांवर पडत असतील. त्यांनी तो मारा थांबवायला लावला. खालून बघितलेलं ते सपाट, एकसंध चित्र आठवा. खाली बसलेल्या सेनापतीच्या मनात दिवसभर तेच होतं.

बोअरांच्या बाजूने लुई बोथा होते, वय ३७. आजूबाजूच्या टेकड्यांवर त्यांनी मोजक्याच तोफा ठेवल्या, पण त्या दृष्टीआड आणि विखुरलेल्या. त्यांचे गोळे दिवसभर या उघड्या माथ्यावर पडत राहिले. कॅरोलिना कमांडोचा, म्हणजे कॅरोलिना भागातल्या बोअर तुकडीचा, हेन्ड्रिक प्रिन्सलू शंभराच्या आतबाहेर माणसं घेऊन चढला आणि माथ्याला चिकटून राहिला. वुडगेट सकाळीच गोळ्याच्या तुकड्याने घायाळ झाले आणि मार्चमध्ये वारले. त्यांच्या जागेची खूण वर आहे, शोधा. मग नेतृत्वाचा सावळा गोंधळ सुरू झाला. बुलर यांच्या सांगण्यावरून थॉर्नीक्रॉफ्ट यांना प्रमुख केलं, पण ही गोष्ट वर असलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. दुपारी काही शिपाई हात वर करून उठले तेव्हा थॉर्नीक्रॉफ्ट स्वतः धावत पुढे गेले आणि शरणागती नाही म्हणून ओरडले. आरशाने संदेश पाठवायचं यंत्र गोळ्याने फुटलं. रात्री दिव्याने संदेश पाठवायचा तर दिव्यात तेल नाही.

तिन्हीसांजेला ट्विन पीक्स इंग्रजांच्या दुसऱ्या तुकडीने जिंकलेसुद्धा. त्यांना परत बोलावलं. रात्री थॉर्नीक्रॉफ्ट यांनी माथा सोडून सगळ्यांना खाली उतरवलं. तिकडे बोअरांनीही आपण हरलो असं समजून पाय काढता घेतला होता आणि बोथा त्यांना घोड्यावरून फिरून थोपवत होते. काही तास माथ्यावर फक्त मेलेले आणि जखमी होते. सकाळी बोअर परत आले, त्यांना टेकडी रिकामी मिळाली. इंग्रजांचे सुमारे २४० मेले आणि हजाराहून जास्त जखमी किंवा कैद झाले. बोअरांचे मेले साठ-सत्तरच्या घरात. एवढं होऊन लेडीस्मिथ महिनाभराने, २८ फेब्रुवारीला, दुसऱ्या वाटेने सुटलं.

उतरताना डोलीवाल्यांच्या नजरेने

नातालमध्ये १८६० पासून हिंदी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत येत होते. बहुतेक मद्रास आणि कलकत्ता बंदरांतून आलेले, तमीळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारे. युद्ध सुरू झाल्यावर गांधींनी रुग्णसेवा पथकाचा प्रस्ताव सरकारला दिला. मनातून त्यांची सहानुभूती बोअरांकडे होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तरीही ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करायचं, असा त्यांचा तेव्हाचा विचार होता. पथकात सुमारे ११०० माणसं होती, त्यातली तीनशेच्या आसपास स्वतंत्र आणि बाकीची करारबद्ध. डॉ. बूथ यांनी शुश्रूषेचं शिक्षण दिलं. नियमाने त्यांनी गोळीच्या टप्प्याबाहेर काम करायचं होतं. स्पिऑन कॉपच्या पराभवानंतर बुलर यांचा निरोप आला की तुमच्यावर बंधन नाही, पण मैदानातून जखमी आणलेत तर सरकार आभारी राहील. ते आत गेले. घायाळ वुडगेट यांनाही या पथकाने वाहून नेलं.

गांधी, चर्चिल आणि बोथा या टेकडीवर भेटले अशी कथा वाटाड्या सांगेल. चर्चिल तेव्हा वार्ताहर आणि लष्करी अधिकारी दोन्ही होते, ते त्या दिवशी वर जाऊन निरोप घेऊन आले हे खरं. पण तिघांची गाठ पडल्याचा काही पुरावा नाही. मला ती कथा आवडत नाही, कारण ती तीन मोठ्या नावांपाशी थांबते आणि ज्यांनी खांदा दिला त्या हजार लोकांना विसरायला लावते.

म्हणून उतरताना नैर्ऋत्येच्या सोंडेच्या टोकाला जा आणि तो उतार डोळ्यांनी मोजा. सुरगाण्याकडे सर्वेक्षणाला असताना मी पाड्यावरची बाळंतीण डोलीतून खाली आणताना पाहिली आहे. उतारावर रुग्णाचे पाय पुढे आणि डोकं वर ठेवतात, पुढचा माणूस दांडा उचलून धरतो, मागचा वाकून चालतो आणि सगळा भार पुढच्याच्या गुडघ्यावर येतो. इथे तेच होतं. सुटे दगड, ओलं गवत, डोलीत तहानेने कळवळणारा माणूस. पायथ्याच्या इस्पितळापाशी काम संपत नव्हतं. जखमी पुढे रेल्वेपर्यंत न्यायचे होते. दिवसाला वीस ते पंचवीस मैल, म्हणजे बत्तीस ते चाळीस किलोमीटर डोली वाहिली, असं गांधींनी लिहिलं आहे. परत जाताना गाडीतल्या मीटरवर शून्य लावा आणि चाळीस किलोमीटर कुठे होतात ते बघा. पथकाच्या प्रमुखांपैकी ३७ जणांना पदकं मिळाली. मजुरांतल्या फार थोड्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत.

वेळ, पाणी आणि गवत

धुकं बघायचं असेल तर जानेवारीत सकाळी लवकर या. ते वर कसं उचललं जातं हे एकदा बघण्यासारखं आहे, ती सकाळ लगेच समजते. पण उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, दुपारनंतर गडगडाटी वादळं येतात. माथा पूर्ण उघडा आहे, विजेला उंच काही असेल तर तुम्हीच. आकाश काळं दिसलं की गाडी गाठा. जून ते ऑगस्ट कोरडं आणि थंड, हवा स्वच्छ, लांबचं दिसतं आणि कोरफडीच्या जातीची झाडं लाल फुलतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच महिने सांगते.

वर पाणी नाही. त्या दिवशीही नव्हतं आणि खालून चढवलेलं पुरलं नाही. माणशी दोन लिटर न्या. गवतात गोचिडी असतात, पूर्ण पायघोळ पँट घाला आणि परतल्यावर पोटऱ्या तपासा. जुनी काडतुसं किंवा लोखंडाचे तुकडे दिसले तर उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे. थडग्यांवरचे दगड मुलांना खेळायला देऊ नका. बोअरांचं स्मारकही वर आहे, तिथेही थांबा. तीन तास हातात ठेवा, कमी नको.

दिवस उरला तर लेडीस्मिथला जा. टाउन हॉलशेजारी वेढ्याचं संग्रहालय आहे आणि विष्णुमंदिराच्या आवारात गांधींचा पुतळा. वेढ्याच्या काळात याच गावात परभूसिंग नावाचा एक हिंदी करारबद्ध मजूर उघड्या जागी बसून बोअरांच्या मोठ्या तोफेवर नजर ठेवायचा आणि ती डागली की घंटा वाजवायचा. गोळा येईपर्यंत लोक आडोशाला पळायचे. त्याला व्हाइसरॉय कर्झन यांच्या पत्नीने झगा पाठवला होता.

जोहान्सबर्गला परतल्यावर ऑब्झर्व्हेटरी भागातल्या टेकडीवरचा स्तंभ बघा. या युद्धात हिंदी शिपायांना लढायला लावलं नाही, पण हिंदुस्थानातल्या पलटणींबरोबर आलेले सेवक, गुरांचे दवाखानेवाले, नालबंद इथे मेले. त्यांच्यासाठी तो उभारला आहे आणि त्यावर नालबंदांचा उल्लेख आहे. आणि तुम्ही नगरचे असाल तर हेही लक्षात ठेवा की पकडलेल्या बोअर कैद्यांपैकी बऱ्याच जणांना जहाजाने हिंदुस्थानात आणलं होतं आणि त्यांची एक छावणी अहमदनगरला होती. घरात, वाड्यात कुणाकडे त्या काळच्या आठवणी ऐकलेल्या असतील तर विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा.